सात घरांचा चौक

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्याचे छत तीन ठिकाणी गळले. पुस्तकांच्या कपाटामागची भिंत फुगली, रंगाचे पोपडे निघाले, आणि दोन दशके टाळत आणलेला घराचा प्रश्न टाळता येईनासा झाला. अशा वेळी पूर्वी लोक गवंड्याला बोलावीत. हल्ली 'इंटिरिअर'वाल्याला बोलावतात. आम्हीही तेच केले. आलेला तरुण हुशार होता, नम्र होता. त्याने लेझरच्या यंत्राने भिंती मोजल्या आणि आठवड्याभराने लॅपटॉपवर आमचे भावी घर आम्हांला फिरवून दाखवले. जुने पाडून तळमजला अधिक दोन मजले, काचेचा कठडा, छतात लपवलेले दिवे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हिरव्या सफरचंदांचा वाडगा. त्या चित्रातल्या घरातही पुस्तके होती, पण ती सगळी एकाच उंचीची आणि पांढऱ्या पाठींची होती. "सर, मॅडम, प्रत्येक घर ही माझी पॅशन असते," असे तो निघताना म्हणाला. तो खोटे बोलत होता असे आम्हांला वाटले नाही.

तो गेल्यावर आम्ही दोघे 'पॅशन'ला मराठीत काय म्हणावे यावर वाद घालत बसलो. दोघांचेही आयुष्य साहित्य शिकवण्यात गेले असल्याने छतापेक्षा शब्दावर अडण्याची खोड जुनीच. आसक्ती म्हणावे तर त्यात दोष डोकावतो, ध्यास म्हणावे तर तो फार तपस्वी होतो, छंद म्हणावे तर फार हलके होते. घराच्या संदर्भात मराठी माणूस वापरतो तो शब्द वेगळाच आहे : हौस. घर हौसेने बांधतात, पडदे हौसेने शिवतात, अंगणात मोगरा हौसेने लावतात. 'पॅशन' एकट्या कलावंताची असू शकते, जगाशी भांडूनही ती जपता येते. हौस मात्र बहुधा कोणाची तरी करायची असते किंवा कोणाकडून तरी पुरवून घ्यायची असते; दुसरे माणूस नसेल तर ती होत नाही. म्हणून तर 'कोणासाठी हौस करायची आता?' या वाक्यात मराठीत एवढे एकटेपण मावते. समकालीन वास्तुकलेविषयी, घरांच्या आतल्या सजावटीविषयी जे चकचकीत लिहिले जाते, त्यात ध्यास पुष्कळ असतो. हौस क्वचितच सापडते.

या विषयावर लिहिण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारू शकेल. आम्ही वास्तुकलेचे अभ्यासक नव्हे. पण एकतीस वर्षे आम्ही अशा एका घरात राहत आहोत, ज्याची चित्रे वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकांत असतात. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाचे विद्यार्थी वह्या आणि कॅमेरे घेऊन आमच्या दाराशी उभे राहतात, आणि मूळ घर ओळखू येत नाही म्हणून हिरमुसले होऊन जातात. त्यांना पाणी द्यावे की त्यांची क्षमा मागावी, हे आम्हांला अजून कळलेले नाही.

नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये, पारसिकच्या टेकडीच्या पायथ्याशी ही वस्ती आहे. तिला 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणतात. चार्ल्स कोरिया यांनी ती सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात उभी केली. बेलापुराशी कोरियांचे नाते त्याहून जुने. मुंबईची वाढ उत्तरेकडे रेटण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, हा प्रस्ताव त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह मांडला, आणि १९६५ साली 'मार्ग'ने तो प्रसिद्ध केला. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. शहराच्या पातळीवर त्यांच्या कल्पनांचे काय झाले हा स्वतंत्र आणि फारसा आनंददायक नसलेला विषय आहे. पण या साडेपाच हेक्टरांच्या तुकड्यावर, सुमारे साडेपाचशे कुटुंबांपुरते, त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी जवळजवळ पूर्णपणे म्हणून घेतले.

म्हणणे असे होते. सात घरे एका चौकाभोवती. हा चौक साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशा तीन चौकांचा, म्हणजे एकवीस घरांचा, मिळून एक थोडा मोठा चौक, साधारण बारा मीटरांचा. तसे तीन गट मिळून आणखी मोठा. आणि असे करत करत वस्तीच्या मधून टेकडीवरून उतरणाऱ्या ओढ्याकाठची सर्वांची मोकळी जागा. कोणत्याही घराची भिंत दुसऱ्या घराशी सामाईक नाही. हे वाचताना किरकोळ वाटते, पण सगळी रचना त्यावर उभी आहे : भिंत सामाईक नसली की शेजाऱ्याला न हलवता आपले घर वाढवता येते. घरे मुद्दामच अपुरी दिलेली होती. चुना दिलेल्या भिंती, वर मंगलोरी कौले, साधा गवंडी आणि साधा सुतार यांच्या हाताबाहेरचे काहीही नाही. पुढचे ज्याचे त्याने, पैसे येतील तसे बांधायचे. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. येथे घर घेणाऱ्या कुटुंबांच्या उत्पन्नांत पाचपटीचे अंतर धरलेले होते, पण भूखंड मात्र सगळे पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरांच्या दरम्यानचे. म्हणजे वरिष्ठ अधिकारी आणि शिपाई यांच्या घरांत फरक असेल, पण आकाशाच्या वाट्यात फारसा नसेल. उष्ण प्रदेशात अंगण हीसुद्धा दिवसाचे काही तास एक खोलीच असते, तिला फक्त छत लागत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धान्त. कंबाला हिलवरची त्यांचीच २८ मजली 'कांचनजंगा' ही इमारत १९८३ सालची. तिथे कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या गच्च्या कोरून त्यांनी श्रीमंतांना आकाश दिले. बेलापुरात तेच आकाश जमिनीवर ठेवले.

हे सारे आम्हांला नंतर पुस्तकांतून कळले. १९९४ साली आम्ही हे घर मूळ मालकाकडून घेतले ते केवळ परवडले म्हणून. इमारतीतली जागा परवडत नव्हती आणि ही कौलारू जोडखोली कोणाला नको होती. दोन वर्षांनी वडील गेले आणि आई आचऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई, एकीच्या सासूबाई. आचरे हे आधुनिक भारतीय वास्तुकलेतले दुसरे मोठे नाव, अच्युत कानविंदे, यांचे जन्मगाव. हार्वर्डला ग्रोपिअसकडे शिकून आलेला आणि कानपूरच्या आयआयटीचा परिसर रचणारा हा माणूस आपल्या गावचा, याचा आईला पत्ता नव्हता. कळल्यावर तिने "कुठल्या वाडीतले?" एवढेच विचारले.) मुंबईतल्या नातेवाइकांकडे चार दिवसांवर न टिकलेली आई येथे पंधरा वर्षे राहिली. पहिल्या सकाळी ती दारात उभी राहिली, चौकाकडे पाहिले, आणि "खळे बरे आहे" म्हणाली. कोकणातल्या घरापुढचे, शेणाने सारवलेले, भात झोडायचे खळे. कोरियांना कोणत्याही समीक्षकाने याहून मोठी पावती दिली असेल असे आम्हांला वाटत नाही.

त्या खळ्यात तिने काय काय केले! एप्रिलमध्ये सोले वाळत घातली, मेमध्ये फणसाची साठे. चौकातल्या सातही घरांतल्या मुलांना तिने राखणीला बसवले आणि मजुरी म्हणून त्याच साठांचे तुकडे दिले. तुळशीचे लग्न एकाच वृंदावनाशी होऊ लागले. समोरचे कुटुंब मल्याळी, त्यांच्या पलीकडचे पंजाबी. ओणमची रांगोळी फुलांची असते हे आईला तिथे कळले आणि 'एवढी फुले वाया?' हा तिचा प्रश्न तीन वर्षे टिकून मग विरघळला. आम्ही वर्गात 'अवकाश' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरणारी माणसे. अवकाश कशाने घडतो, हे मात्र आम्ही खिडकीतून पाहत होतो.

येथे आम्हांला नेहमी एक योगायोग आठवतो. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आले ते १९८५ साली. मराठी मध्यमवर्ग धरणगावकर देशपांड्यांचा वाडा ढासळताना पाहून गलबलत होता, त्याच सुमारास मुंबईजवळ एक वास्तुरचनाकार वाड्याचा चौक वाड्यावाचून पुन्हा बांधू पाहत होता. वाड्याच्या चौकावर एका घराण्याची मालकी असते, आणि त्या चौकात कोणी कुठवर यायचे हे जातीने आणि लिंगाने ठरलेले असते. मराठी वाङ्मयात वाड्याविषयी जो एक हळवा सूर आहे, तो या गोष्टीवरून फार सहज पाय उचलून पुढे जातो, एलकुंचवार मात्र जात नाहीत. बेलापूरचा चौक कोणाच्याच घराण्याचा नाही. सात अनोळखी कुटुंबांना तो नात्यावाचून वाटून दिलेला आहे. वाड्याचे रूप ठेवून त्यातली उतरंड काढून टाकता येते का, असा तो प्रयोग होता. आमच्या चौकापुरते उत्तर द्यायचे तर पंधरा-वीस वर्षे ते 'हो' असे होते.

प्रयोग फसला कुठे, हेही सांगायला हवे. आराखड्यात मोटारगाड्या एवढ्या धरलेल्या नव्हत्या. पहिली गाडी चौकात उभी राहिली त्या दिवशी आईने साठांचे सूप घरात नेले. दुसरी आली तेव्हा सात घरांत पहिले भांडण झाले. चौक सगळ्यांचा असल्यामुळे तो झाडायचा कोणी, फरशी उखडली तर बसवायची कोणी, याला उत्तर नव्हते. आई होती तोवर प्रश्नही नव्हता. मग पैसा आला. अपुरे घर 'वाढवण्याची' कल्पना करताना कोरियांच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादी खोली, एखादा माळा असावा. प्रत्यक्षात लोकांनी वाढवले नाही, पाडले. आमच्या चौकातल्या सातांपैकी चार घरे आज मुळासकट नवी आहेत : आरसीसीचे सांगाडे, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, एका दारावर रोमन खांब. विद्यार्थी हिरमुसतात ते यामुळे.

आम्ही मात्र विद्यार्थ्यांइतके हिरमुसत नाही, आणि याचे कारण थोडे आमच्या विषयातले आहे. रोलाँ बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा निबंध आम्ही कित्येक वर्षे शिकवला. वाचकाच्या जन्मासाठी लेखकाने बाजूला व्हायचे असते, हे मुलांना पटवून देताना आमची दमछाक होई. घराच्या बाबतीत ते किती उघड आहे! रचनाकार किल्ली देतो आणि जातो. त्यानंतर जे लिहिले जाते ते राहणाऱ्यांचे. फरक एवढाच की बहुतेक रचनाकार हे नाइलाजाने सोसतात, आणि फार थोडे आधीपासून त्याची जागा राखून ठेवतात.

बाळकृष्ण दोशी त्या थोड्यांपैकी. पुण्यात, लाकडी सामानाच्या व्यवसायातल्या एकत्र कुटुंबात १९२७ साली जन्मलेले, पॅरिसला ल कॉर्बुझिएकडे काम करून आलेले, २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी त्यांनी १९७३ साली वसाहत केली, तीत खाली मोठे घर, वर मध्यम, सर्वांत वर लहान अशी उतरती मांडणी आहे, आणि वरच्याला भरपाई म्हणून गच्ची. लोकांनी त्या गच्च्या बांधून काढल्या, सज्जे झाकले, जिने हलवले. पुढच्या काळात ते पाहायला गेलेल्या दोशींनी कपाळाला हात लावला नाही. घरे राहणाऱ्यांची झाली याचेच त्यांना समाधान होते. इंदूरच्या 'अरण्य'मध्ये तर त्यांनी पुढचे पाऊल टाकले. सुमारे ६५०० भूखंड, आणि सर्वांत गरिबांना घर म्हणून फक्त जोते, नळ-संडासाचा गाभा आणि एखादी खोली. कसे वाढवता येईल हे दाखवायला ८० नमुना घरे, बाकीचे कोरे पान. आगाखान पुरस्काराने १९९५ साली त्याचा गौरव झाला. २०२३ साली दोशी गेले तेव्हा आम्ही वर्गाबाहेरच्या फलकावर त्यांचे नाव लिहिले. मराठीच्या विभागात हे कशाला, असे एका सहकाऱ्याने विचारले होते.

लॉरी बेकर यांची गोष्ट याहून वेगळी, आणि आम्हांला सर्वांत जवळची. बर्मिंगहॅमचा हा क्वेकर इंग्रज चीनमध्ये युद्धकाळात रुग्णसेवा करून मायदेशी परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत अडकला, आणि तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. घरासाठी लागणारे सामान बांधकामापासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हे गांधीजींचे म्हणणे तो जन्मभर सांगत राहिला आणि जन्मभर पाळत राहिला. तिरुवनंतपुरमला स्टेशनाजवळ त्यांचे इंडियन कॉफी हाउस आहे, वळत वळत वर चढणारा विटांचा एक बुरूज. त्याच्या जाळीदार भिंतींना लागून आम्ही एकदा तिरके बसून कॉफी प्यालो आहोत. तिरके, कारण तिथली जमीनच चढती आहे. बेकर आराखडे पाकिटांच्या पाठीवर काढत आणि खरे काम जागेवर, गवंड्याशेजारी उभे राहून करत. विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवणारी त्यांची आवडती बांधणी विटाही वाचवते आणि उन्हाळाही आत येऊ देत नाही. महत्त्वाचे हे की ती गवंड्याने मन लावून केली तरच होते. वर गिलावा नसल्याने त्याचा हात लपत नाही. आपल्याकडे गिलाव्यामागे कितीतरी कारागिरांची बेपर्वाई आणि कितीतरी जणांचे कौशल्य सारखेच गाडले जाते.

हल्ली कारागिराविषयीची ही आस्था पुन्हा दिसू लागली आहे, पण तिची जागा बदलली आहे. अलिबागजवळ नांदगावच्या नारळीच्या वाडीत बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने २००७ साली बांधलेले 'पामायरा हाउस' छायाचित्रांत पाहिले तर कोणीही थबकेल. ताडाच्या खोडांच्या पट्ट्यांची झडपे, त्यांतून गाळून आलेला उजेड, सुतारकाम असे की सांधा दिसू नये. सुतारांना सहरचनाकार मानून काम करणारे हे कार्यालय आहे, आणि त्याविषयी आम्हांला आदरच आहे. तरी ते एका संपन्न कुटुंबाचे सुट्टीचे घर आहे. ताडाची खोडे, नारळीची सावली, कोकणातला सुतार, हे सगळे आमच्या आईच्या गावी गरिबीचे लक्षण होते. तेच आता सर्वांत महागडे झाले, यात गंमत आहे की दुःख, यावर आमचे दोघांचे एकमत नाही. आमच्यापैकी एकाला ते ढोंग वाटते. एकीचे म्हणणे, कोणीतरी पैसे देऊन का होईना, तो हात जिवंत ठेवला ना? असो.

मुद्दा आमच्या छताचा होता, आणि त्याआधी आमच्या एका खिडकीचा.

२००३ साली आम्ही वरचा मजला चढवला. मुलगा दहावीला आला होता, पुस्तके पलंगाखाली गेली होती, आणि अपुरे घर वाढवण्याची मुभा तर रचनाकारानेच देऊन ठेवली होती. कौले उतरवली, स्लॅब टाकला, वर एक प्रशस्त खोली केली. पुस्तकांच्या खोलीला उजेड हवा म्हणून पश्चिमेच्या भिंतीत मोठी खिडकी ठेवली. मूळ घराला त्या बाजूने खिडकी नव्हती. का नव्हती, हा प्रश्न आम्हांला पडला नाही. कवितेतल्या रिकाम्या ओळीवर तासभर बोलणाऱ्या आम्हांला तो पडायला हरकत नव्हती. त्या खिडकीत बसून आम्ही कितीतरी उत्तरपत्रिका तपासल्या, दोन पुस्तके लिहिली. समोर शेजारच्या घराचे मागचे अंगण होते. तिथे राहणारे काका शाळेत चित्रकला शिकवत. वस्तीचे नाव सार्थ करणारे आमच्या चौकातले ते एकटेच. खिडकी झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी त्या अंगणावर निळी ताडपत्री ताणून बांधली. पावसासाठी असेल, असे आम्ही समजलो. पावसाळा संपला तरी ती उतरली नाही; मग ती तशीच असते असे आम्ही समजलो. फाटली की नवी यायची. काका २००९ साली गेले, दोन वर्षांनी आई गेली, ताडपत्री राहिली.

या वर्षी नवा आराखडा हातात आल्यावर शेजाऱ्यांना दाखवावा, असे एकीने सुचवले. बांधकामाचा त्रास होणार तर सांगितलेले बरे, एवढाच हेतू. काकू आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि विचारले, "म्हणजे आणखी एक मजला का?" मग थोडे थांबून, "ऊन मग अकरापर्यंत यायचं नाही."

"आता कधी येतं, काकू?"

"आता साडेनऊ. पूर्वी सातला यायचं. हे तिथेच बसायचे ना सकाळी, शाळेच्या आधी. जलरंगाला सकाळचंच ऊन लागतं म्हणायचे."

आम्ही ताडपत्रीविषयी विचारले. विचारायला एवढी वर्षे लागली. त्यांनी तक्रारीच्या सुरात काहीही सांगितले नाही. उलट आम्हांलाच अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून त्या हसल्या. "तुमची खिडकी आली ना. मी तिथे केस वाळवायची, मुली झोपायच्या उन्हाळ्यात. वरून कोणी पाहतंय असं नव्हे हो, तुम्ही का पाहणार? पण मोकळं नाही वाटायचं. हे म्हणाले, मास्तर लोक आहेत, वाचत बसतात, त्यांना काय सांगायचं. ताडपत्री लावू. मग उजेडच गेला, म्हणून चित्रं आत आणली. आत काही जमली नाहीत त्यांना."

आकाश सर्वांना सारखे वाटून देणाऱ्या वस्तीत आम्ही एका माणसाचे आकाश घेतले होते, आणि रोमन खांबवाल्याला हसत राहिलो होतो. त्याच्या खांबांनी कोणाचे काही घेतलेले नाही. परत आल्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले की हे अज्ञानातून झाले, आणि रचनाकारांच्या त्या सर्व सुंदर रेखाटनांत कुठेही 'येथे खिडकी ठेवू नये' असे लिहिलेले नव्हते. एकीचे म्हणणे, लिहिलेले होते. कोरी भिंत ठेवली होती, आपल्याला ती वाचता आली नाही. सात घरांचा चौक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याची काळजी घ्यायचे आम्हांला सुचले. मागच्या अंगणांचे नाते कोणालाच दिसत नाही, आणि ते फक्त न ठेवलेल्या खिडक्यांनी बनलेले असते.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा काकूंकडे गेलो. खिडकी बुजवतो, तिसऱ्या मजल्याचा विचार सोडून दिला आहे, असे सांगितले. तिसऱ्या मजल्याचे ऐकून त्यांनी मान हलवली. खिडकीचे ऐकून मात्र त्या म्हणाल्या, "आता कशाला? आता मी एकटीच. रात्री तुमचा दिवा दिसतो, बरं असतं. ताडपत्री तेवढी काढून द्या कोणाला तरी सांगून, माझा हात पोचत नाही." आम्ही खिडकी बुजवण्याचा थोडा आग्रह धरला. त्यांनी चहा ठेवला. खालची अर्धी झडप दुधी काचेची करावी, वरची साधी ठेवावी, इथवर येऊन बोलणे थांबले आहे. दुधी काचेलाही त्यांचा होकार पूर्ण नाही.

'पॅशन'वाल्या तरुणाला आम्ही फोन करून सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले की ते अंगण एकदा पाहायला येऊ का. आला, आणि या वेळी लॅपटॉप आणला नव्हता. काकूंच्या अंगणात उभा राहून बराच वेळ आमच्या भिंतीकडे पाहत होता. स्लॅब पाडून पूर्वीसारखे कौलारू छप्पर केले तर आमच्या खोलीची त्या बाजूची उंची अडीच-तीन फुटांनी उतरेल आणि काकूंना अर्धा-पाऊण तास आधी ऊन मिळेल, असे त्याने पावलांनी मोजून सांगितले. खर्च वाढेल. मंगलोरी कौले बसवणारा माणूस आता पनवेलच्या पुढे शोधावा लागेल.

ताडपत्री गेल्या रविवारी निघाली. आमच्या भिंतीत काकांनी मारलेले चार लोखंडी हूक गंजून बसले आहेत. गवंडी ते उपटू का म्हणून विचारत होता, काकू म्हणाल्या राहू दे, दोरी बांधायला होतील. त्याच रात्री पाऊस आला आणि त्यांचे अंगण भिजले. आता एवढेच ठरायचे आहे की कौलांचा उतार कोणत्या बाजूला द्यायचा. पश्चिमेला उतार दिला तर त्यांचे ऊन वाढते, पण पागोळ्या सगळ्या त्यांच्या अंगणात पडतात. पन्हळ लावली तर ती काकांच्या हुकांच्या बरोबर वरून जाते. सुतार बुधवारी येणार आहे. काकूंनी त्याला आधी आपल्याकडे पाठवायला सांगितले आहे.